स्वामी रामानंद तीर्थ : लोकशाहीचे एक निष्ठावंत उपासक

लोकशाही हा शब्द आज लहानथोरांच्या तोंडी आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण तिची व्याख्या पाठ करतो, परीक्षेत ती लिहितो आणि गुण मिळाले की विसरून जातो. जे सहज मिळाले त्याचे मोल कळत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु ज्या हैदराबाद शहरात आपली ही शाळा उभी आहे, त्याच शहरात आपल्या आजोबा-पणजोबांच्या तरुणपणी जाहीर सभा भरवावयाची झाली तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागत असे, आणि ती बहुधा मिळत नसे. राज्यकारभार कोणी करावा हे प्रजेला कोणी विचारीत नव्हते. ही स्थिती पालटावी म्हणून ज्यांनी आपले अवघे आयुष्य वेचले, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र आम्ही या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज जगातील अनेक देशांत लोकशाहीची कसोटी लागलेली असताना हे चरित्र केवळ गतकाळाचे राहत नाही, असे आम्हांस वाटते.

स्वामीजींच्या कार्याचे महत्त्व कळावयाचे तर प्रथम त्या वेळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. हिंदुस्थानातील संस्थानांत ते लोकसंख्येने सर्वांत मोठे होते. त्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या दीड कोटीहून अधिक होती. तेलुगू बोलणारे सुमारे निम्मे, मराठी बोलणारे सुमारे चतुर्थांश आणि उरलेले कन्नड व उर्दू बोलणारे, असा हा बहुभाषी प्रदेश होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे मराठी भाषेचे पाच जिल्हे त्यात होते. राज्याचा सुमारे दहावा हिस्सा निजामांच्या खाजगी मालकीचा होता व त्यास सर्फ-ए-खास म्हणत. आणखी सुमारे तीन दशांश मुलूख जागीरदारांकडे होता. तेथील शेतकऱ्याला कोर्टकचेरीचा आधार क्वचितच लाभे.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत काही चांगली कामे झाली, हे मान्य केलेच पाहिजे. १९०८ साली मुसा नदीला आलेल्या भयंकर पुरानंतर उस्मानसागर हा तलाव बांधला गेला, दवाखाने उभे राहिले, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम देशी भाषा म्हणजे उर्दू ठेवण्यात आले, हा त्या काळी मोठाच प्रयोग होता. मग प्रजेची तक्रार तरी कोणती होती? तक्रार ही की, जे काही मिळे ते राजाची मर्जी म्हणून मिळे, हक्क म्हणून नव्हे. शासनाला जाब विचारण्याचा मार्ग प्रजेला मोकळा नव्हता. गश्ती निशाण ५३ या कुप्रसिद्ध परिपत्रकाने सभास्वातंत्र्याचा गळा आवळला होता. दयाळू राजाच्या छत्राखाली राहणे आणि स्वतःचा कारभार स्वतः करणे यांत जे अंतर आहे, तेच स्वामीजींच्या लढ्याचे कारण होय.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. घरची स्थिती साधारणच होती. सोलापुरात ते शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक कालवश झाले. त्या वार्तेने साऱ्या देशाप्रमाणेच या सोळा वर्षांच्या मुलाचेही अंतःकरण हेलावले. त्याने त्याच दिवशी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवेस वाहून घेण्याचे व्रत घेतले. त्या वयात अशी व्रते पुष्कळजण घेतात आणि दोन-चार वर्षांत ती विरून जातात. व्यंकटेशाचे व्रत एक्कावन्न वर्षांहून अधिक काळ, अखेरच्या श्वासापर्यंत टिकले. असहकारितेच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली व पुढे पुण्याच्या टिळक विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले.

शिक्षण संपल्यावर व्यंकटेशराव कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचे सहकारी झाले. गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांचे जिणे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले. राजकीय स्वातंत्र्य मिळूनही ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला त्या स्वातंत्र्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला तो याच काळात, असे मानण्यास जागा आहे. पुढे जमिनीच्या प्रश्नावर त्यांनी जो आग्रह धरला त्याचे मूळ येथे शोधावे लागेल.

१९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी आले. तेथे १९२१ साली सुरू झालेली एक राष्ट्रीय शाळा होती. तिचे मुख्याध्यापकपद त्यांनी स्वीकारले. थोड्याच काळात त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेश खेडगीकरांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत, वर्गात परत आले, हे विशेष होय. १९३५ साली ते अंबाजोगाईस गेले. त्या गावास सरकारदरबारी तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तेथील योगेश्वरी विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे जिवाभावाचे सहकारी त्यांना लाभले. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी विद्यार्थी पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. एका परीने पाहिले तर मराठवाड्यातील लोकशाहीचा पाया शाळेच्या वर्गात घातला गेला, असेच म्हणावे लागेल.

संस्थानात राजकीय संस्था काढण्याची मुभा नव्हती. म्हणून लोकांनी भाषावार परिषदा स्थापन केल्या. तेलुगू भाषिकांची आंध्र महासभा, कन्नड भाषिकांची कर्नाटक परिषद आणि आपली महाराष्ट्र परिषद अशा या तीन संस्था होत. येथे आपल्याच घरातील एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. १९२१ साली हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या आवारात सामाजिक परिषद भरली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे हे अध्यक्ष होते. मराठीत व इंग्रजीत भाषणे चालू असताना आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलण्यास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडविली. त्या अपमानातून तेलुगू बांधवांनी आपली वेगळी संघटना उभारली आणि तीच पुढे आंध्र महासभा झाली. जे स्वतःच्या भाषेसाठी न्याय मागत होते त्यांनीच शेजाऱ्याच्या भाषेचा उपहास करावा, ही गोष्ट लाजिरवाणी होती. आपले मत बोलून दाखवण्याइतकेच दुसऱ्याचे ऐकून घेणे हेही लोकशाहीत आवश्यक असते, हा धडा त्या प्रसंगाने शिकविला.

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे आणि दुसरे १९३८ साली लातूर येथे भरले. लातूरच्या अधिवेशनानंतर परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी स्वामीजींवर आली आणि शिक्षकाचे रूपांतर लोकनेत्यात झाले. तिन्ही भाषांच्या कार्यकर्त्यांना एका ध्वजाखाली आणणे हे पुढचे पाऊल होते. त्यासाठी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना करण्याचे ठरले. मागणी एकच होती, जबाबदार राज्यपद्धतीची. निजाम गादीवर राहोत, परंतु मंत्रिमंडळ लोकांनी निवडलेल्या विधिमंडळास जबाबदार असावे, इतकाच तिचा आशय होता. परंतु संस्था रीतसर जन्मास येण्यापूर्वीच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी, सरकारने तिच्यावर बंदी घातली.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. गोविंदराव नानल हे पहिल्या तुकडीत होते, पाठोपाठ स्वामीजीही तुरुंगात गेले. याच काळात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांनी शिक्षणावर पाणी सोडले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक असून ते स्वामीजींना गुरुस्थानी मानीत.

त्याच सुमारास आर्य समाज व हिंदुमहासभा यांनीही आपापले सत्याग्रह चालविले होते. त्यामुळे सर्वच चळवळी धार्मिक आहेत, असा प्रचार करण्यास सरकारला निमित्त मिळाले. राज्यकर्ता मुसलमान आणि प्रजा बहुसंख्य हिंदू, त्यातून चळवळीचा पुढारी भगव्या वस्त्रांतील संन्यासी, मग हा आरोप वरवर पाहणाऱ्यास खरा भासावा यात नवल नाही. महात्मा गांधींच्या सल्ल्यावरून स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबर १९३८ रोजी आपला सत्याग्रह तहकूब केला. ऐन भरात आलेला लढा थांबविणे अनेक तरुणांस रुचले नाही. परंतु आमच्या मते त्या निर्णयात मोठी दूरदृष्टी होती. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नसून सर्व प्रजेचा अनियंत्रित सत्तेशी आहे, ही गोष्ट पुसट झाली असती तर जिंकूनही लोकशाहीचा पराभवच झाला असता.

पुढील काही वर्षे वाटाघाटींत गेली. सर अकबर हैदरी हे त्या वेळी मुख्य प्रधान होते. काँग्रेस या नावालाच सरकारचा विरोध होता. कार्यकर्त्यांनी नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स ठेवण्याचीही तयारी दाखविली, तरी परवानगी मिळाली नाही. नाव हे निमित्त होते, नकार मागणीलाच होता, हे यावरून उघड झाले. सप्टेंबर १९४० मध्ये स्वामीजींनी निवडक सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रह केला व त्यांची रवानगी निजामाबादच्या तुरुंगात झाली. १९४२ साली मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाहून परततात तोच त्यांना पुन्हा अटक झाली. तुरुंगाच्या या येरझारांत त्यांची प्रकृती ढासळली, निष्ठा मात्र ढळली नाही.

१९४६ साली बंदी उठली आणि स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूस मवाळ मताचे विद्वान पुढारी बुर्गुल रामकृष्ण राव आणि दुसऱ्या बाजूस स्वामीजी असा सामना झाला. अगदी थोड्या मतांच्या आधिक्याने स्वामीजी निवडून आले. दोन्ही गटांत तीव्र मतभेद होते आणि ते पुढेही राहिले, परंतु निर्णय मतपेटीने दिला. जी संस्था राज्याकडे मतदानाचा हक्क मागत होती तिने आपल्या घरातही तो पाळला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याच वर्षी सरकारने नव्या सुधारणा अंमलात आणल्या. त्यांचा आराखडा १९३७ साली नेमलेल्या अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून सिद्ध झाला होता व १९३९ साली जाहीर झाला होता. त्यानुसार विधिमंडळ मिळावयाचे होते, परंतु प्रतिनिधी निवडावयाचे ते जमीनदार, व्यापारी, वकील अशा धंदेवार गटांतून. शिवाय हिंदू आणि मुसलमान यांच्या जागा सारख्या ठेवलेल्या होत्या व मंडळाचे अधिकार अगदीच तुटपुंजे होते. स्टेट काँग्रेसने या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे, असे म्हणणारेही होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. पण स्वामीजींची दृष्टी निराळी होती. माणसाची किंमत त्याच्या धर्मावरून किंवा धंद्यावरून ठरू लागली की तो नागरिक उरत नाही. विधिमंडळाची इमारत उभी राहिली तरी तिच्यात लोकांचा आवाज नसेल तर ती लोकशाहीची प्रतिकृती ठरेल, लोकशाही नव्हे, असे त्यांचे मत होते.

१९४७ चे वर्ष उजाडले. इंग्रज जाणार हे निश्चित होताच, हैदराबाद भारतात वा पाकिस्तानात सामील न होता स्वतंत्र राहील, अशी घोषणा निजामांनी जूनमध्ये केली. त्याच महिन्यात हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले आणि भारतात विलीन होण्याची व जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करण्यात आली. ७ ऑगस्ट हा दिवस संस्थानभर विलीनीकरण दिन म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्ट रोजी देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असता हैदराबादेत तिरंगा फडकविणे हा गुन्हा होता. सुलतान बाजारात तरीही तो फडकला आणि त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगात गेले. २९ नोव्हेंबर रोजी निजाम व भारत सरकार यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली.

आता रझाकारांचा कहर सुरू झाला. लातूरचा वकील कासीम रझवी हा त्यांचा म्होरक्या होता. खेडोपाडी लुटालूट, जाळपोळ व खून होऊ लागले. सीमेवर कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली आणि मराठवाड्यातील तरुणांनी प्राण पणास लावून प्रतिकार केला. या काळातील एक नाव प्रत्येक हैदराबादकराने स्मरणात ठेवावे, ते म्हणजे शोएबुल्ला खान. इमरोज या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक होते. विलीनीकरणाचा व जबाबदार राज्यपद्धतीचा त्यांनी निर्भयपणे पुरस्कार केला. ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात रात्री घरी परतत असता मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली व ज्या हाताने ते लिहीत तो हातही तोडला. लोकशाहीसाठी मरणाऱ्याचा धर्म विचारावयाचा नसतो, हे त्यांच्या बलिदानाने सिद्ध केले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजी निजामांनी शरणागती पत्करली. तुरुंगाचे दरवाजे उघडले, स्वामीजी बाहेर आले. तो दिवस आनंदाचा होता खरा. तथापि इतिहास लिहिताना केवळ आनंदाचीच पाने उघडून चालत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक खेड्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी करून भारत सरकारला अहवाल दिला, पण तो कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ज्या अत्याचारांविरुद्ध लढा झाला तसलेच अत्याचार विजयी पक्षाकडून व्हावेत, ही आपल्या सर्वांच्या आत्मपरीक्षणाची गोष्ट आहे. बहुमताला सत्ता मिळणे हा लोकशाहीचा अर्धा भाग. अल्पसंख्याकाला निर्भयपणे झोप लागणे हा दुसरा अर्धा भाग.

संस्थान मुक्त झाले तरी लोकांचे राज्य लगेच आले नाही. आधी लष्करी प्रशासक म्हणून जनरल चौधरी आणि १९५० पासून मुख्यमंत्री म्हणून वेलोडी हे सनदी अधिकारी कारभार पाहत होते. पुढे १९५१-५२ च्या हिवाळ्यात सार्वत्रिक निवडणुका झाल्या. देशात शेकडा ८० हून अधिक लोक निरक्षर असताना १७ कोटींवर मतदारांना एकदम मताधिकार देण्याचे हे धाडस जगात अपूर्व होते. आपल्या भागात तर आणखी एक नवल घडले. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालला होता व तो १९५१ साली थांबला. त्या लढ्याचे पुढारी रावी नारायण रेड्डी हे नलगोंड्याहून उभे राहिले आणि पंडित नेहरूंपेक्षाही अधिक मते मिळवून लोकसभेत गेले. बंदूक टाकून माणूस मतपेटीकडे वळला, यापरते लोकशाहीचे यश कोणते!

या निवडणुकीनंतर मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. ज्यांनी लढ्याचे नेतृत्व केले ते स्वामीजी मात्र सत्तेपासून दूर राहिले. त्यांनी कोणतेही मंत्रिपद स्वीकारले नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले, परंतु अधिकारपदाचा मोह त्यांना शिवला नाही. काहींच्या मते ही त्यांची चूक होती. चांगल्या माणसांनी सत्ता नाकारली तर ती इतरांच्या हाती जाते, असा त्यांचा युक्तिवाद असे. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु आपण लढलो म्हणून राज्य आपलेच, या अहंकाराने नवस्वतंत्र देशांतील कितीतरी मुक्तिवीर पुढे हुकूमशहा बनले, हेही विसरता येत नाही. त्यांच्या तुलनेत सत्ता दारी आली असता पाठ फिरविणारा हा संन्यासी वेगळा उठून दिसतो.

सत्ता नको म्हटली तरी काम सुटले नव्हते. १९४९ साली जागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्या शेतकऱ्यास संरक्षण मिळाले. जमिनीच्या या प्रश्नावर स्वामीजी सदैव शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिले. खादी व ग्रामोद्योग यांचे काम त्यांनी चालविले. १९५० साली त्यांच्या पुढाकाराने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले व शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले.

त्यांच्या निःस्पृहतेची खरी कसोटी लागली ती भाषावार प्रांतरचनेच्या वेळी. ज्या हैदराबाद राज्याचे ते सर्वमान्य नेते होते, त्याचेच तीन भाग करून ते तीन भाषिक प्रांतांत मिळवावे, असा आग्रह त्यांनी धरला. पंडित नेहरूंना ही कल्पना प्रथम मान्य नव्हती. परंतु प्रजेच्या भाषेत कारभार चालल्याखेरीज लोकशाही झोपडीपर्यंत पोचणार नाही, अशी स्वामीजींची धारणा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा घटक झाला. स्वामीजी स्वतः मात्र हैदराबादेतच राहिले. आम्हां हैदराबादच्या मराठी भाषिकांना या गोष्टीचे विशेष अगत्य वाटते. सिंदगीच्या कन्नड मुलखात ते जन्मले, मराठवाड्यात त्यांनी कार्य केले आणि तेलुगू-उर्दू बोलणाऱ्या या शहरात २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी देह ठेवला. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

स्वामीजींच्या निधनास अर्धशतक उलटून गेले. या काळात जगातील लोकशाहीने अनेक चढउतार पाहिले. त्यांच्या हयातीतच १९५८ साली पाकिस्तानात आणि १९६२ साली ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता बळकावली होती. जून १९७५ मध्ये आपल्याच देशात आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण बसले, विरोधी पुढारी तुरुंगात गेले. परंतु मार्च १९७७ मध्ये मतदारांनी, त्यांतही निरक्षर म्हणून ज्यांस हिणविले जाई त्या खेडुतांनी, शांतपणे सत्तांतर घडवून आणले. १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत काळ्या प्रजेने प्रथमच गोऱ्यांच्या बरोबरीने मतदान केले. २००८ साली नेपाळ प्रजासत्ताक झाले. उलट फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने लोकनियुक्त सरकार पुन्हा उलथून पाडले. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी एके रात्री लष्करी कायदा पुकारला, तेव्हा लोकप्रतिनिधींनी काही तासांतच सभागृहात जमून तो ठरावाने रद्द केला आणि नागरिक त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उभे राहिले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकशाहीवरील संकट नेहमीच रणगाड्यावर बसून येत नाही. कधी ते निवडून आलेल्या सत्ताधीशाच्या हातून, कधी असत्य वार्तांच्या लोंढ्यातून, कधी शेजाऱ्याविषयी पसरविलेल्या द्वेषातून येते, आणि कधी तर ते आपल्याच आळसातून येते. १९२१ सालची ती हुर्यो आठवावी. ती कोणा सुलतानाच्या हुकुमाने उडविलेली नव्हती, सुशिक्षित श्रोत्यांनीच उडविली होती. पण ज्या शहरात ती उडाली त्याच शहरात पुढे तेलुगू, मराठी व कन्नड कार्यकर्ते एका संस्थेत खांद्यास खांदा लावून लढले, हेही खरे. संकट आणि संधी ही दोन्ही माणसाच्या वागण्यातच असतात.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी थोडेच जण स्वामीजींसारखे तुरुंगात जातील व जाण्याची वेळ न येवो. परंतु वर्गप्रतिनिधीची निवडणूक हरल्यावर जिंकलेल्या मित्राचे मनापासून अभिनंदन करणे, वादविवादात प्रतिपक्षाचे बोलणे पूर्ण होऊ देणे, वेगळी भाषा बोलणाऱ्या अथवा वेगळ्या पद्धतीने देवाची प्रार्थना करणाऱ्या सोबत्याची थट्टा होत असता गप्प न बसणे, या गोष्टी तुमच्या हातच्या आहेत. आणि अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव दाखल झाले म्हणजे ते मत कोणास विकू नका, भीतीने देऊ नका आणि घरी बसून वायाही घालवू नका. त्या एका मतासाठी हिप्परग्याच्या एका शाळामास्तराने आयुष्यातील उमेदीची वर्षे गजाआड काढली आहेत.

बेगमपेठेच्या रस्त्याने वाहनांची अखंड वर्दळ चालू असते. तेथून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना तेथे कोण विसावले आहे याची कल्पना असेल, कोण जाणे! येत्या १७ सप्टेंबरला आपण तेथे जावे, दोन फुले वाहावीत आणि क्षणभर शांत उभे राहावे, अशी आमची सर्व वाचकांस नम्र विनंती आहे.